छापून आलेलं बाळंतपण

॥ श्री ॥
शुगर लँड, टेक्सस
२० ऑगस्ट २०२३

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

पोचले, नेट नाही, काळजी नको, हे तुझे पाच शब्द मिळाले. तेवढ्यावर वर्ष काढायचा विचार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी अपेक्षा सोडते. सहावीनंतर नागपूरहून मिशिगनला, नोव्हायला आलीस, तेव्हापासून दर उन्हाळ्यात तुला इथे आणून मी मराठी लिहायला बसवलं ते काय पाच शब्दांसाठी? शनिवारी तू जिल्ह्याच्या गावी जातेस आणि तिथे नेट मिळतं, असं राधिका म्हणाली. मग आठवडाभर कागदावर लिही आणि शनिवारी फोटो काढून पाठव. मी प्रिंट काढून, चष्मा लावून, नीट वाचीन.

तुझे बाबा अजून फुगलेले आहेत. केदार माझा धाकटा भाऊ, त्याचा रुसवा मी त्याच्या दुधाच्या दातांपासून ओळखते. मोटार कंपनीतली चालून आलेली नोकरी सोडून मुलगी वर्षभराच्या फेलोशिपवर मलावीच्या खेड्यात सेवा करायला जाते, हे त्याच्या पचनी पडत नाही. कोणी विचारलं तर अशा आवाजात सांगतो की जणू तुला हॉस्पिटलात ॲडमिटच केलंय. परवा मला म्हणाला, चार वर्षं पब्लिक हेल्थ शिकून ही तिथे गोळ्या मोजणार. मी म्हटलं, मोजू दे की, तुझ्या कंपनीत नटबोल्ट मोजतातच ना. फोन ठेवला त्याने. राधिका, आईच ती, तुझे स्वेटर काढून पुन्हा पुन्हा घड्या घालते.

आमच्या मनोहरकाकांनी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात लोकांना भूल दिली, त्यामुळे सूचना देण्याची सवय आहे. तुझ्यासाठी मच्छरदाणीवर दीड पान लिहिलं होतं. सार एवढंच की रोज लाव.

इथे स्टिअरिंग हातात धरवत नाही एवढा उकाडा आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन यंदाही माझ्याच गळ्यात पडलंय. आत्तापर्यंत अलास्काची तीन प्रवासवर्णनं आणि बिनअंड्याच्या केकच्या दोन कृती आल्या आहेत. तू काही जिवंत लिहून पाठवलंस तर उपकार होतील.

लोभ आहेच, पत्र आलं तर तो वाढेल.

तुझी
नीलाआत्या


म्तोंडो, मलावी
१६ सप्टेंबर २०२३

ती. नीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

घे, पाच शब्दांपेक्षा जास्त लिहिते आहे. शुद्धलेखन तपासू नकोस.

म्तोंडोचं आरोग्यकेंद्र म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि मागे पाण्याची टाकी. माझं काम औषधांचा साठा बघणं, काय संपत आलंय ते जिल्ह्याला कळवणं आणि बायकांच्या तपासणीच्या तारखा कॉम्प्युटरमध्ये भरणं. पेशंटला हात लावायचा नाही असं ट्रेनिंगमध्येच सांगितलंय. सगळं केंद्र चालवतात सिस्टर एस्नात चिर्वा. त्या नर्सही आहेत आणि सुईणही. पंचेचाळिशीच्या असतील. मी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, चमच्याने खाते म्हणून पहिले चार दिवस हसल्या, पाचव्या दिवशी चमचाच लपवला.

पण आत्या, तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. परवाच्या सोमवारी भर दुपारी फातसानी नावाची बाई आली. बाळ पायाळू होतं, पाय आधी आलेला. दुसरी नर्स रजेवर आणि जिल्ह्याची गाडी लांब. सिस्टर एस्नातने मला हाक मारली. पुढचा पाऊण तास आम्ही कसा काढला ते कळलंच नाही. आम्ही बाळाला बाहेर काढलं. आधी ते निळं होतं आणि हलत नव्हतं. आम्ही त्याची पाठ चोळली, तोंड साफ केलं, आणि मग ते असं रडलं की बाहेरच्या बायका ओरडायलाच लागल्या. मुलगा आहे.

बाबांना सांग, गोळ्या मोजायला गेलेली मुलगी अधूनमधून दुसरंही काही करते.

काकांना नमस्कार. मच्छरदाणी लावते. लोभ आहेच म्हणतेस, तर घट्ट धरून ठेव.

तुझी
यामिनी


॥ श्री ॥
शुगर लँड
१९ नोव्हेंबर २०२३

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

अगं, तुझं पत्र अंकात छापलं आणि अलास्का वितळून गेलं! तुला न विचारता छापलं, त्याबद्दल कान धरते. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग मी केक छापत बसले असते. दिवाळीच्या कार्यक्रमात कांचन देवस्थळींनी ते स्टेजवरून वाचून दाखवलं. बाळ रडतं त्या ओळीला अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. बायका मला येऊन मिठ्या मारत होत्या, जणू मीच बाळंत झाले.

केदारचं सांगते. अंक पोस्टाने मिळाला तेव्हा तो गॅरेजमध्ये होता. तिथेच उभ्याने वाचला. मग मला फोन केला आणि नुसता घसा साफ करत राहिला. आपल्या घरात रडणं असंच असतं. त्याच्या ऑफिसात कुणाला मराठी येत नाही, म्हणून आमच्या मंडळातल्या अनिकाकडून त्याने इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि ते तुझ्या फेलोशिपच्या ऑफिसला स्वतःच ईमेल केलं. त्यांनी ते वेबसाइटवर टाकलंय, तुझ्या फोटोसकट. लिंक तो सगळ्यांना पाठवतो आहे. ज्या माणसाने तीन महिने तुझं नाव नीट घेतलं नाही तो!

मनोहरकाका मात्र कुरकुरले. पायाळू बाळंतपण शिकलेल्यांनाही जड जातं, मुलीला तिथे हात लावू देतात का ते विचार, म्हणाले. मी म्हटलं, तुमची भूल उतरू द्या आधी.

छान जेव. तू काही केलंस तरी, आणि काही केलं नाहीस तरी, लोभ तेवढाच.

तुझी
नीलाआत्या


म्तोंडो
९ डिसेंबर २०२३

ती. नीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

वेबसाइटवरचं ते इंग्रजी काढायला सांगता येईल का? बाबांना तू सांग, माझ्याने होणार नाही. कारण नंतर लिहीन. इथे पाऊस आहे, आंबे आले आहेत. सिस्टर एस्नात काही दिवस सुटीवर आहेत. मी बरी आहे.

यामिनी


॥ श्री ॥
शुगर लँड
१० जानेवारी २०२४

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

तू नोव्हायला परत आलीस हे मला केदारकडून कळलं. सात महिने आधीच. मलेरिया झाला म्हणे. मनोहरकाकांनी राधिकाला विचारलं की औषध कोणतं दिलं, ताप किती दिवस होता. तिला काहीच सांगता आलं नाही. मी फोन केला तर घसा दुखतो म्हणालीस आणि ठेवलास. मलेरियात घसा दुखत नाही, एवढं तीस वर्षं डॉक्टरच्या घरात राहून मलाही कळतं.

भाषांतर काढायला मी सांगितलं होतं. केदार म्हणाला, पोरीला उगाच संकोच वाटतोय. आणि मीही जोर धरला नाही. चांगलं वाटत होतं ना सगळ्यांना.

मी रागवायला लिहीत नाही. बोलवत नसेल तर लिही. कागदावर तुला नेहमीच सोपं जातं.

वाट बघते आहे. लोभाला काही झालेलं नाही.

तुझी
नीलाआत्या


नोव्हाय, मिशिगन
२१ जानेवारी २०२४

ती. नीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

मलेरिया नाही. आईबाबांना तसं सांगितलं, कारण विमानात दुसरं काही सुचलं नाही. आई रोज पेज करते आणि मी ती पिते.

वेबसाइटवरचं वाचून कुणीतरी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला विचारलं, की नोंदणी नसलेल्या परदेशी मुलीला बाळंतपण करू दिलं कसं. त्यांनी सिस्टर एस्नातना बोलावलं. त्या म्हणाल्या, असं झालंच नाही. त्यांच्यापुढे छापील कागद होता आणि त्यावर माझं नाव होतं. त्यामुळे नियम मोडला आणि वर खोटं बोलल्या, असे दोन आरोप झाले. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना सस्पेंड केलं. मी तुला सुटी लिहिलं होतं. सुटी नव्हती.

म्तोंडोला दुसरी सुईण नाही. बायकांना सत्तावीस किलोमीटर जावं लागतं. एक बाई बैलगाडीतच बाळंत झाली. बाई आणि बाळ दोघं वाचली. त्यांच्या वाचण्यात माझा काही वाटा नाही.

मग फेलोशिपच्या ऑफिसने मला परत बोलावलं. प्रकृतीचं कारण त्यांनीच सुचवलं, मी हो म्हटलं.

बाबांनी अंक हॉलमध्ये ठेवलाय, येणाऱ्याला दिसेल असा. काल ते घरी नव्हते तेव्हा मी पहिल्यांदा वाचला. त्यात मी बाळाला बाहेर काढलं असं छापलंय. मी असं लिहिलं होतं का? मला आठवत नाही. माझ्या पत्राची प्रिंट तुझ्याकडे असेल, बघून सांग.

बाहेर बर्फ आहे. बाबा ऑफिसात गेले की ड्राइव्हवे साफ करते. आईला वाटतं मलेरियातून उठून हे करू नये.

यामिनी


॥ श्री ॥
शुगर लँड
२८ जानेवारी २०२४

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गाडीत होते, ग्रोसरी घ्यायला निघालेली. पार्किंगमध्येच वाचलं आणि काही न घेता घरी आले.

प्रिंट काढून बघायची गरज नव्हती. तू ‘आम्ही’ असंच लिहिलं होतंस. तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी मी त्याचं ‘मी’ केलं. अंकासाठी टाइप करताना मला वाटलं, वाचणाऱ्याला हे ‘आम्ही’ म्हणजे कोण ते कळत नाही, आमची मुलगी त्यात दिसत नाही. शिवाय सिस्टर एस्नातबद्दलच्या दोन ओळी होत्या, त्या जागेअभावी काढल्या असं मी स्वतःला सांगितलं. जागा होती. त्याच पानावर खाली मी पणतीचं चित्र टाकलंय.

मनोहरना हे सांगितलं. ते उठून भांडी घासायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी तुला विचारावं असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी त्यांची थट्टा करून ते तुला कळवलं होतं. एवढ्या वयात माणसाला झोंबावं असं दुसरं कुणी काही करत नाही, आपलं आपणच करतो.

आता मी काय करते ते ऐक. मी जिल्ह्याच्या त्या कार्यालयाला पत्र लिहिते, की मूळ मजकूर संपादकाने बदलला, लेखिकेचा दोष नाही. प्रिंट जोडते, अनिकाकडून शब्दशः भाषांतर करून घेते. सिस्टर सुटतील आणि तुझ्यावर काही येणार नाही. केदारलाही मीच सांगीन. त्याला माझ्यावर चिडायची सवय आहे, त्याला जड जाणार नाही. तू फक्त हो म्हण.

माझ्यावरचा लोभ आता तू ठेवायचास.

नीलाआत्या


नोव्हाय
४ फेब्रुवारी २०२४

ती. नीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

तू ते पत्र लिहू नकोस. तीन दिवस मी हो म्हणायचं ठरवलं होतं. काल हो असा मेसेज टाइपही केला होता.

आत्या, ‘आम्ही’ हेही खोटंच होतं.

त्या दुपारी सिस्टर एस्नातनी मला हाक मारली ती फक्त टॉवेल धरायला आणि फातसानीचा हात धरायला. मी आत गेले. बाळाचा पाय दिसला, छोटा, जांभळट, टाच वर असलेला. फातसानीने माझं मनगट पकडलं. मी ते सोडवून घेतलं आणि पळाले. मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन ओकले आणि कानावर हात ठेवून बसले. तरी ऐकू येत होतं. सिस्टरने मला तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा रागाने नाही मारली, विनवणी होती. मी उठले नाही. शेवटी फातसानीची सासू आत गेली आणि तिने टॉवेल धरला. बाळ रडलं ते मी टाकीपाशी ऐकलं. निळं होतं, हलत नव्हतं, पाठ चोळली, हे सगळं सासूने नंतर बायकांना सांगितलं ते ऐकून मी लिहिलं.

सगळं झाल्यावर सिस्टर हात धुऊन बाहेर आल्या. मला शोधत आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी मला चहा आणून दिला आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, शिकत असताना पहिल्या वर्षी मीही पळाले होते, माझ्या सरांनी कुणाला सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. आणि त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. जिल्ह्याने बोलावलं तेव्हाही मुलगी घाबरून पळाली असं म्हणाल्या नाहीत. ती खोलीत नव्हती, एवढंच म्हणाल्या. पळाली म्हणाल्या असत्या तर कदाचित कुणी विश्वास ठेवला असता.

त्या चहानंतर पाच दिवसांनी मी तुला ते पत्र लिहिलं. का लिहिलं ते मला नीट सांगता येत नाही. बाबांचं गोळ्यांचं बोलणं डोक्यात होतं, पण ते सांगितलं तर कारण दिल्यासारखं होतं. लिहिताना मजा येत होती, हे जास्त खरं आहे.

अजून आहे. डिसेंबरमध्ये फेलोशिपच्या ऑफिसमधून फोन आला आणि त्यांनी स्पष्ट विचारलं की तू खोलीत होतीस का. मी म्हटलं, होते, सिस्टरच्या देखरेखीखाली मदत केली. तुझ्या मी-आम्हीचा तिथे काही संबंध नव्हता. तो शब्द माझ्या तोंडचा होता.

तेव्हा तू माझं ओझं घेऊ नकोस. तुझं तेवढं तू घे.

लोभ मागायचा धीर नाही.

यामिनी


॥ श्री ॥
शुगर लँड
१८ फेब्रुवारी २०२४

चि. यामिनीस,
आशीर्वाद.

दोन आठवडे लिहिलं नाही कारण जे लिहिलं असतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. तुझी मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू? मी मुलगी म्हणून तुला मिरवलं. टाळ्या वाजत असताना मी मान खाली घालून हसत होते, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आणि मग मनोहर एवढंच म्हणाले, की बावीस वर्षांची पोर पायाळू बाळंतपणातून पळाली तर त्यात काही नाही, त्यांच्याबरोबरचे दोन जण डॉक्टर होईपर्यंत पळत होते. पण लिहिलं त्याचं काही करता येत असेल तर आठवडे का घालवताय दोघी, असं विचारून ते फिरायला निघून गेले.

म्हणून लिहिते. पहिलं, केदारला तू सांग. मी सांगणार नाही. दुसरं, जिल्ह्याला तू लिही, फेलोशिपच्या ऑफिसलाही, आणि त्या फोनवर खोटं बोललीस तेही लिही. इंग्रजी मला दाखवू नकोस, मी दुरुस्त करायला बसेन आणि माझ्या दुरुस्त्यांनी काय होतं ते आपण पाहिलं. तिसरं माझं आहे. मी काय बदललं, काय गाळलं, ते मंडळासमोर मी सांगीन.

राग आहे. लोभही आहे. दोन्ही एकाच घरात राहताहेत, भांडताहेत.

नीलाआत्या


नोव्हाय
२४ मार्च २०२४

ती. नीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये सांगितलं. घरात जमत नव्हतं, तिथे अंक दिसतो. त्यांनी गाडी बंद केली, सगळं ऐकलं, मग आत जाऊन यादीप्रमाणे सगळं सामान आणलं. कोथिंबीरसुद्धा. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, पळालीस ते मला समजतं, कोणीही पळेल. लिहिलंस ते का? मी म्हटलं, तुम्हाला आवडावं म्हणून असेल. त्यावर ते म्हणाले की ईमेल मी केला होता, तो मला कुणी करायला लावला नव्हता. हॉलमधला अंक त्यांनी काढला नाही. त्यात माझं पान होतं तिथे मी जिल्ह्याला पाठवलेल्या कबुलीपत्राची प्रत ठेवली. कोणी आलं की मला अजून उठून खोलीत जावंसं वाटतं.

आई म्हणाली, म्हणजे पेज तुला आवडत नव्हती. मग खूप रडली.

जिल्ह्याने व्हिडिओवर चौकशी ठेवली. आमच्याकडे तेव्हा पहाट होती. बाबा शर्ट इस्त्री करून टेबलाशी माझ्या शेजारी बसले, कॅमेऱ्यात दिसतील असे. मी म्हटलं, नका बसू. ते म्हणाले, मुलीचे वडील म्हणून बसतोय. तीन अधिकारी होते. त्यातल्या एका बाईंनी मला शांतपणे विचारलं की तुला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं तर चालेल का, कारण रेकॉर्डवर तसं लिहावं लागेल. मी हो म्हटलं. सिस्टर एस्नात दुसऱ्या चौकोनात होत्या, गणवेश नव्हता, नुसता फुलाफुलांचा ब्लाउज. त्या पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होत्या किंवा स्क्रीनवर कुठेतरी. व्हिडिओवर ते कळत नाही.

परवा निकाल आला. सिस्टर सोमवारपासून कामावर. आरोप दोन्ही काढले.

फेलोशिपच्या ऑफिसला मला काढून टाकलं असं दिसायला नको आहे. त्यांनी विचारलं की अपयशाने मला काय शिकवलं यावर वेबसाइटसाठी लेख लिहीन का. फोटो चालेल म्हणाले. मी नाही म्हटलं. एवढी एक गोष्ट मी या वर्षात पहिल्याच फटक्यात नीट केली.

काकांना नमस्कार सांग. लोभ भांडत असला तरी घराबाहेर काढू नकोस.

तुझी
यामिनी


॥ श्री ॥
शुगर लँड
१४ एप्रिल २०२४

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

काल मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम झाला. मी श्रीखंडाच्या आधी वेळ मागून घेतला, कारण श्रीखंडानंतर कोणी ऐकत नाही. पहिल्यांदा तू परवानगी दिलेलं तुझं निवेदन वाचलं, मग माझं. तीन शब्द बदलले, दोन ओळी गाळल्या, त्या ओळींत जिचं नाव होतं तिने ते बाळंतपण एकटीने केलं होतं, असं सांगितलं. तिचं पूर्ण नाव सांगितलं. माईकवर माझा आवाज इतका बारीक येत होता की मागून कुणीतरी ‘मोठ्याने!’ म्हणून ओरडलं. मग मला सगळं पुन्हा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा वाचणं पहिल्यापेक्षा कठीण.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. कांचन देवस्थळींनी हात धरला आणि सोडला. पण खरी लाज पुढे होती. तीन-चार जण पानात वाढून घेताना जवळ आले आणि म्हणाले, कशाला एवढं मनाला लावून घेतलंस नीला, आफ्रिकेतल्या त्या खेड्यातली गोष्ट, इथे कुणाला कळणार होतं? प्रेमाने म्हणाले गं. आणि मला कळलं की अंक टाइप करताना मीही मनात नेमकं हेच धरलं होतं, म्हणून त्या दोन ओळी इतक्या सहज कापल्या गेल्या. एखाद्या शुगर लँडच्या नर्सचं नाव मी कापलं नसतं. तिच्या मुली कार्यक्रमाला आल्या असत्या.

संपादन सोडलं. श्रीखंड खाल्लं नाही. घरी येताना मनोहरनी गाडी चालवली आणि सगळा रस्ता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जो ते हायवेवर कधी ठेवत नाहीत.

राग बाहेर गेलाय असं वाटतं. लोभाला आता घर मोठं वाटतंय, तेव्हा या उन्हाळ्यात येऊन राहा.

तुझी
नीलाआत्या


नोव्हाय
१९ मे २०२४

ती. नीलाआत्यास,
सा. न. वि. वि.

जूनमध्ये येते. बाबा म्हणाले, तिला सांग की मी सोडायला येईन. म्हणजे त्यांनाही यायचंय.

हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. सिस्टर एस्नातना मी मार्चपासून तीन पत्रं पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं नाही. काल सकाळी त्यांचा फोन आला. मी ड्राइव्हवेवर उभी होते, तिथेच खाली बसले.

त्या म्हणाल्या, तुझ्या घरच्यांना तू काय लिहिलंस त्याचा मला फारसा राग नाही. तिकडून येणारे सगळे घरी काहीतरी वाढवून लिहितात, आम्हाला माहीत आहे. राग दुसरा आहे. तुला ऑफिसचा फोन आला त्या दिवशी मी केंद्रावर माझ्या वस्तू न्यायला आले होते. तू औषधाच्या खोलीत बोलत होतीस, खिडकीतून मला दिसत होतीस. तुला काय विचारत असतील ते मला माहीत होतं. मी व्हरांड्यात थांबले, तू बाहेर येऊन सांगशील म्हणून. तू बाहेर आलीस, माझ्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस की विमानाच्या तिकिटाबद्दल होतं.

आत्या, हे मी तुला लिहिलं नव्हतं. कबुलीपत्रातही नव्हतं. मी ते विसरले नव्हते. ते कुणाला माहीत नाही असं मला वाटत होतं.

मी त्यांच्या भाषेत पेपानी म्हटलं. पेपानी म्हणजे माफ करा. पण कुणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला गेलेलेही पेपानीच म्हणतात. त्या म्हणाल्या, सध्या मी तो शब्द दुसऱ्या अर्थाने घेते. पहिल्याचं पुढे बघू. मी पुन्हा लिहू का असं विचारलं. लिही म्हणाल्या, पण मी कशी आहे ते विचारू नकोस, तू काय करतेस ते लिही, आणि जे केलं तेवढंच.

तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली. त्यांनी फोन बंद न करता खिशात टाकला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. चपला, भांडं, बायकांचं बोलणं, त्यांनी कुणाला तरी आत यायला सांगितलं ते. त्या कामावर होत्या.

मग आत तपासणीला आलेल्या कुणाशी तरी बोलणं सुरू झालं. कोण होतं आणि काय म्हणत होतं ते मला समजत होतं, तेवढी चिचेवा मला येते. मी फोन बंद केला. तुला ते लिहीत नाही, आणि आल्यावर विचारू नकोस.

तू ठेवलेला लोभ मला पोचला. काकांना नमस्कार.

तुझी
यामिनी